वर्षावास संपल्यानंतरची दहा मिनिटे

आषाढ पौर्णिमेला मराठवाड्यातील गावोगावच्या बुद्धविहारांत वर्षावासाला प्रारंभ होतो. संध्याकाळी त्रिशरण-पंचशील होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते आणि काही ठिकाणी त्यानंतर थोडा वेळ डोळे मिटून आनापानही होते. आश्विन पौर्णिमेला सांगता होते. नेमक्या त्याच सुमारास शेतीची कामे अंगावर येतात. जालना जिल्ह्यातील कुंभार पिंपळगाव आणि घनसावंगी तालुक्याच्या त्या पट्ट्यात सोयाबीनची मळणी, कापसाची वेचणी, रब्बीची पेरणी आणि उसाचा हंगाम एकामागोमाग येऊन ठेपतात. पावसाळ्यात जमलेली बैठक कार्तिकात मोडते आणि पुढच्या आषाढापर्यंत बहुधा मोडलेलीच राहते.

शिबिराहून परतणाऱ्यांचेही असेच होते. इगतपुरीला किंवा जवळच्या एखाद्या केंद्रावर दहा दिवसांचे विपश्यना शिबिर करून आलेला माणूस पहिले काही आठवडे पहाटे उठून बसतो. मग लग्नसराई येते, घरात कोणाला ताप येतो, शेतात रात्रीची लाईट येते. एक दिवस चुकतो, मग आठवडा चुकतो. ‘आपल्याच्याने हे होत नाही’ असे म्हणून तो विषय संपवतो. यात त्या माणसाचा दोष थोडा आणि त्याच्या दिवसाच्या घडणीचा जास्त असतो. ध्यानाचा आरोग्याला जो काही उपयोग आहे, तो रोजच्या सातत्यातून मिळतो. म्हणून ध्यान शिकावे कुठे यापेक्षा ते कामाच्या दिवसांत टिकवावे कसे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

आनापान म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाची जाणीव ठेवणे. प्राणायामात श्वास मुद्दाम लांबवला किंवा रोखला जातो. इथे तो जसा आहे तसा पाहायचा असतो. मन भटकते. भटकले हे लक्षात आले की त्याला पुन्हा श्वासावर आणायचे. विपश्यनेत हीच जाणीव अंगभर फिरवून, जाणवणाऱ्या संवेदनांवर लगेच प्रतिक्रिया न देण्याचा सराव होतो. यात गूढ असे काही नाही. श्वास सोडताना व्हेगस या मज्जातंतूचा हृदयावरचा प्रभाव वाढतो आणि ठोके किंचित मंदावतात. शांत बसलेल्या माणसाचा श्वास आपोआप संथ होतो आणि शरीर विश्रांतीकडे झुकते. दुसरा परिणाम याहून मोलाचा आहे. काळजीचा विचार आला की छाती धडधडते, धडधड जाणवली की काळजी आणखी वाढते. रोज बसणाऱ्याला हे चक्र सुरू होतानाच ओळखता येऊ लागते. राग तोंडातून बाहेर पडण्याआधी किंवा हात बाटलीकडे जाण्याआधी मिळणारी ती दोन क्षणांची उसंत हीच या सरावाची खरी कमाई.

वैद्यकशास्त्राने हे तपासून पाहिले आहे. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात बौद्ध ध्यानपद्धतीवर आधारलेला आठ आठवड्यांचा कार्यक्रम सुरू केला. त्यानंतर अशा कार्यक्रमांवर शेकडो चाचण्या झाल्या. २०१४ मध्ये ४७ चाचण्या आणि ३,५१५ व्यक्तींची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा चिंता, नैराश्याची लक्षणे आणि वेदना यांत माफक पण खरी सुधारणा दिसली. झोप, वजन, एकाग्रता यांबाबत पुरावा अपुरा होता. औषधे किंवा व्यायाम यांपेक्षा ध्यान सरस आहे, असेही आढळले नाही. २०१५ च्या ब्रिटनमधील एका चाचणीत वारंवार नैराश्य येणारे ४२४ रुग्ण होते. एका गटाला ध्यानावर आधारित उपचार देत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध हळूहळू कमी करण्यास मदत केली. दुसऱ्या गटाचे औषध चालू ठेवले. दोन वर्षांत पहिल्या गटात ४४ टक्के आणि दुसऱ्यात ४७ टक्के रुग्णांचे नैराश्य उलटले. म्हणजे दोन्ही मार्ग जवळपास सारखेच ठरले. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठी ध्यानाला जागा दिली, पण नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून.

या सगळ्या आकड्यांमागे एक अट आहे, ती सहसा सांगितली जात नाही. चिंताविकाराच्या रुग्णांवर झालेल्या एका अमेरिकी चाचणीत ध्यानाचा आठ आठवड्यांचा कार्यक्रम एस्सिटालोप्रॅम या औषधाच्या तोडीचा ठरला, हे २०२२ मध्ये बरेच गाजले. त्या रुग्णांना दर आठवड्याला वर्ग होता आणि रोज सुमारे ४५ मिनिटे घरी सराव सांगितला होता. अशा कार्यक्रमांच्या ४३ अभ्यासांचा आढावा २०१७ मध्ये घेतला गेला. लोकांनी सांगितलेल्या सरावापैकी सरासरी ६४ टक्के सराव केला आणि ज्यांचा सराव जास्त त्यांना फायदाही थोडा जास्त, असे त्यात दिसले. उलट उदाहरणही आहे. ब्रिटनमधील आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर झालेल्या चाचणीत वर्गात ध्यान शिकवूनही त्यांच्या मानसिक आरोग्यात फरक पडला नाही. बहुतेक मुलांनी घरी सरावच केला नव्हता. आपल्याकडेही शालेय शिक्षण विभागाच्या ‘मित्र’ उपक्रमात शाळांतून आनापान शिकवले जाते. एकदा शिकवून थांबले की काय होते, हे तिथेही लक्षात ठेवायला हवे. एकदा टोचली की वर्षानुवर्षे संरक्षण देणाऱ्या लसीसारखे शिबिराचे नसते. ध्यानाचे नाते रोजच्या चालण्याशी आहे. चालणे थांबले की त्याचा फायदाही ओसरतो.

मग संसारी माणसाला हे जमते का? इगतपुरीपर्यंत आलेली परंपराच याचे उत्तर देते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रह्मदेशात लेडी सयाडो या भिक्खूंनी ध्यानाची वाट गृहस्थांसाठी खुली केली. त्यांचे शिष्य सया थेतजी हे शेतकरी होते. त्यांच्याकडे १९३७ मध्ये शिकलेले सयाजी ऊ बा खिन हे सरकारी हिशेबनीस. स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापालपद सांभाळत त्यांनी कचेरीतील सहकाऱ्यांनाही ध्यान शिकवले. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका हे व्यापारी-उद्योजक. त्यांनी १९६९ मध्ये भारतात शिबिरे सुरू केली आणि १९७६ मध्ये इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र उभे राहिले. शेतकरी, नोकरदार, व्यापारी असा हा प्रवास आहे. गोयंकांची गोष्ट डॉक्टरांनीही ऐकावी अशी आहे. तीव्र अर्धशिशीसाठी त्यांना मॉर्फीनची इंजेक्शने घ्यावी लागत. डोकेदुखी बरी व्हावी म्हणून ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा केवळ त्यासाठी शिकवायला गुरूंनी नकार दिला. मन शुद्ध करायचे असेल तर ये, दुखणे कमी झाले तर तो वरचा लाभ, अशी त्यांची भूमिका होती. आज ध्यानाकडे गोळीसारखे पाहणाऱ्यांनी ही भूमिका समजून घेतली, तर अपेक्षाभंग टळेल.

आणखी मागे गेले तर मज्झिम निकायात घटिकार नावाच्या कुंभाराची कथा भेटते. आईवडील वृद्ध आणि अंध. त्यांचा सांभाळ करायचा म्हणून तो भिक्खू झाला नाही. घरीच राहिला, चाक फिरवत राहिला. केलेली मडकी तो मांडून ठेवी आणि ज्याला हवे त्याने तांदूळ, मूग, हरभरा ठेवून न्यावे, असे सांगे. साधनेत मात्र तो अनेक प्रव्रजितांच्या पुढे गेला. ज्या गावाच्या नावातच कुंभार आहे, त्या गावाने ही कथा जवळ ठेवायला हरकत नाही. घटिकाराची साधना म्हातारपण, आजारपण आणि हातावरचे पोट यांच्यासकट चालली.

ती आज कशी चालावी? शिबिराच्या शेवटी सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसण्याचा सल्ला दिला जातो. ज्याला जमते त्याने तो पाळावा. ज्याला जमत नाही त्याच्यापुढे मात्र ‘दोन तास किंवा काहीच नाही’ असे दोनच मार्ग उरतात आणि तो दुसरा निवडतो. दहा मिनिटांपासून सुरुवात करणे हा कमीपणा नाही. सोण नावाच्या भिक्खूने पायातून रक्त येईपर्यंत चंक्रमण केले, तेव्हा बुद्धांनी त्याला वीणेच्या तारांचा दाखला देऊन समजावले. तार फार ताणली तरी सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. शिबिराहून आल्यावर ताणलेली आणि महिनाभरात सैल पडलेली तार बहुतेकांच्या परिचयाची आहे.

दुसरी गोष्ट वेळेची. घड्याळाला बांधलेला नेम या भागात टिकणे अवघड. कृषिपंपांची वीज कधी दिवसा तर कधी रात्री येते. रात्री दोनला दारे धरायला गेलेल्या शेतकऱ्याला पहाटे पाचची बैठक सांगणे व्यर्थ आहे. त्यापेक्षा साधना एखाद्या रोजच्या कामाला बांधावी. तोंड धुतल्यावर आणि चहाआधी. किंवा संध्याकाळी हातपाय धुतल्यावर, टीव्ही लावण्याआधी. वेळ बदलली तरी ते काम चुकत नाही, म्हणून बैठकही चुकत नाही. सवयी कशा लागतात यावर लंडनमध्ये ९६ जणांचा अभ्यास झाला. रोजच्या ठरलेल्या कृतीला जोडलेली नवी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा खंड पडला नाही. वर्षावासाचे तीन महिने म्हणजे सुमारे नव्वद दिवस. बहुतेकांची सवय मुरायला तेवढे पुरतात. फक्त ती विहारातल्या संध्याकाळीसोबत घरातल्या एखाद्या कामालाही जोडलेली हवी, नाहीतर विहाराचे दार बंद होताच ती सुटते.

तिसरी गोष्ट सोबतीची. याच तालुक्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. नित्यनेम ही कल्पना इथे कोणालाच परकी नाही. हरिपाठ पिढ्यान्‌पिढ्या चालतो, नमाज पाचही वेळा होते. कारण त्यांना ठरलेली जागा आहे, ठरलेला प्रसंग आहे आणि शेजारी बसणारे कोणी आहे. ध्यान एकट्याने करायची गोष्ट वाटते, पण ते टिकते सोबतीने. विपश्यनेच्या परंपरेत आठवड्यातून एकदा सामूहिक साधनेचा आग्रह याचसाठी आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस महाराष्ट्रात काम सुरू केलेल्या त्रैलोक्य बौद्ध महासंघानेही आनापान सती आणि मैत्री भावना यांच्या सामूहिक सरावावर भर दिला. गावातल्या चार-पाच जणांनी ठरवले, तरी एवढे पुरेसे आहे.

चौथी गोष्ट घरातल्या बाईच्या वेळेची. हिच्याबद्दल बोलले जात नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. वेचणीच्या दिवसांत बाई पहाटे उठून पाणी, भाकरी, मुलांचे डबे उरकून शेतात जाते आणि परतल्यावर पुन्हा चूल पेटवते. तिला ‘मन शांत ठेव, रोज बस’ हा सल्ला देण्याआधी घरातल्या कोणीतरी ती पंधरा मिनिटे तिच्यासाठी मोकळी करायला हवीत. नवरा साधनेला बसला आहे म्हणून घर चिडीचूप, आणि बायको बसली की ‘चहा कुठे आहे’ अशी हाक, असे ज्या घरात होते तिथे मैत्री भावनेचा सराव अजून व्हायचा आहे. दहा मिनिटे दुसऱ्यासाठी चूल सांभाळणे हाही त्या सरावाचाच भाग.

बौद्ध परंपरेत ध्यान शीलाच्या पायावर उभे असते, हेही विसरू नये. पाचवे शील मद्य आणि नशेपासून दूर राहण्याचे आहे. यकृत, रक्तदाब, अपघात आणि घरातली मारहाण या सगळ्यांच्या दृष्टीने पाहिले, तर या एका शीलाचे आरोग्यमूल्य मोठे आहे. संध्याकाळी दारू आणि सकाळी ध्यान, हा हिशेब जुळत नाही. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात सोडून थेट शिबिराला जाऊ नये. अचानक दारू थांबवल्यावर थरथर, फेफरे, भ्रम होऊ शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो. आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

सावधगिरीच्या आणखी काही गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. रक्तदाब, मधुमेह, फेफरे, नैराश्य यांच्या गोळ्या ध्यान सुरू केले म्हणून बंद करू नयेत. वर सांगितलेल्या ब्रिटिश चाचणीत औषध कमी झाले ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला उठणे, दिवसाला सुमारे दहा तास ध्यान आणि मौन असते. नव्या साधकाला संध्याकाळी फळे आणि चहा मिळतो, रात्रीचे जेवण नसते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने जाण्याआधी मात्रा ठरवून घ्यावी. ज्याला पूर्वी भास, संशय, टोकाचा उन्माद किंवा तीव्र नैराश्य झाले आहे, त्याने अर्जात ते लपवू नये आणि मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय दीर्घ शिबिराला जाऊ नये. २०२० च्या एका आढाव्यात ८३ अभ्यासांतील सुमारे ८ टक्के साधकांना ध्यानादरम्यान किंवा नंतर त्रास जाणवल्याचे दिसले. त्यात चिंता आणि नैराश्य सर्वाधिक होते. घाबरून जावे असा हा आकडा नाही, पण बसल्यावर अस्वस्थता दिवसेंदिवस वाढत असेल तर जिद्दीने बसत राहण्याऐवजी थांबून सल्ला घ्यावा. गुडघे झिजलेल्यांनी खुर्चीवर बसावे. मांडी ही अट नाही. रात्रभर दारे धरून आलेल्याने आधी झोपावे, कारण झोपेची जागा ध्यान घेत नाही. आणि रात्री शेतात, मोटारीजवळ, विंचूकाट्यात डोळे मिटून बसण्याचे धाडस कोणी करू नये.

आंबेडकरी चळवळीतील काही विचारवंतांचा विपश्यनेवर एक आक्षेप आहे. दुःखाचे मूळ जात, दारिद्र्य आणि अन्याय यांत असताना माणसाला डोळे मिटून स्वतःच्या आत पाहायला सांगणे म्हणजे लढ्याची धार बोथट करणे, असे ते म्हणतात. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. पिकाला भाव नाही, कर्ज थकले आहे, वस्तीत पाणी येत नाही, अशा माणसाला ध्यान करायला सांगून मोकळे होणे हा उपचार नव्हे, ती पळवाट आहे. बाबासाहेबांनी मांडलेला धम्म माणसामाणसांतल्या नात्यांचा, समतेचा आहे. तरीही शांत मनाचा माणूस लढ्याला कमी पडतो असे मानण्याचे कारण नाही. तलाठ्यापुढे आपली बाजू नीट मांडण्यासाठी, ग्रामसभेत तोल न जाऊ देता बोलण्यासाठी हाच सराव कामाला येऊ शकतो. ध्यानाने प्रश्न सुटत नाहीत. प्रश्नापुढे उभे राहणारा माणूस थोडा सावरलेला असतो, एवढेच. आणि ज्याला जगणे नकोसे वाटू लागले आहे, त्याला बैठकीची नव्हे, तातडीच्या मदतीची गरज आहे. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येते.

रोज बसणारा माणूस काही महिन्यांनी विचारतो, ‘फरक काय पडला?’ बुद्धांनी यावर सुताराच्या वाकसाचा दाखला दिला आहे. वाकसाच्या दांड्यावर बोटांचे वळ उमटलेले दिसतात, पण आज तो किती झिजला आणि काल किती, हे सुताराला सांगता येत नाही. झिजल्यावरच झिजला हे कळते. विळ्याची मूठ रोज हातात धरणाऱ्याला हे निराळे समजावावे लागणार नाही. फरक मोजायचाच असेल तर तो घरच्यांना विचारावा. आवाज चढणे कमी झाले का, मुले जवळ यायला कचरतात का, गोळी वेळेवर घेतली जाते का, हीच त्याची मोजमापे.

गावाकडून अपेक्षा तशी थोडीच आहे. आश्विन पौर्णिमेच्या सांगतेच्या दिवशीच पुढच्या आषाढापर्यंतच्या पौर्णिमांची आणि आठवड्यातल्या एका संध्याकाळच्या बैठकीची यादी विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावी. किल्ली कोणाकडे, दिवा कोण लावणार, लहान मुलांना त्या वेळी कोण सांभाळणार, हेही तिथेच ठरवावे. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी फडावर जमेल तेव्हा दहा मिनिटे बसावे आणि परतल्यावर पुन्हा बैठकीत सामील व्हावे; त्यांची जागा राखलेली असावी. आशाताईंनी घरभेटीत बीपीच्या गोळीसोबत झोप आणि मनःस्थितीचीही चौकशी करावी. खर्च जवळजवळ काही नाही. वेचणीच्या भर हंगामात, अंग दुखत असताना, फळ्यावरच्या त्या दिवशी तिघेजण जरी येऊन बसले, तरी त्या वर्षीचा वर्षावास कार्तिकातही टिकला असे म्हणता येईल.